नवरीच्या खोलीत काढलेला पायाचा फोटो

आमच्या घरात कुणाचं काही दुखलं की दोन कामं माझ्याकडे येतात. त्या माणसाला घेऊन दवाखान्यात जायचं, आणि परत आल्यावर तिथं काय झालं ते सगळ्यांना सांगायचं. पहिलं काम माझ्याकडे येतं कारण मी पंचायत समितीत कारकून आहे, आणि कारकुनाला केव्हाही रजा मिळते असा घरच्यांचा समज आहे. दुसरं येतं कारण मी रंगवून सांगतो. साध्या सर्दीचा माणूस माझ्या तोंडून ऐकला तर सरणावरून उठून आल्यासारखा वाटतो, असं बायको म्हणते. ती कौतुकानं म्हणते असं मी धरून चालतो. आता पन्नाशी उलटली, दवाखान्यांच्या बाकांवर बसून कंबर धरली, पण कुणी विचारलं की अजूनही सांगायला बसतोच.

तर हे आक्काच्या पायाचं.

आक्का माझी थोरली बहीण. किन्हीराजाला आमच्या भिंतीला भिंत लावून तिचं घर. भाऊजी गेल्यापासून वावर तिनंच पाहिलं. मुलगा पुण्याकडे कंपनीत, सून आणि नातू तिच्याजवळ. साखरेचा आजार जुना. पायाला मुंग्या येतात म्हणायची, मग मुंग्याही येईनाशा झाल्या तेव्हा तिला वाटलं बरं झालं. त्या सालात सोयाबीन सोंगताना कापलेला खुटा चपलेतून उजव्या अंगठ्यात घुसला आणि तिला कळलं नाही. संध्याकाळी घरात रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा सुनेनं आधी मांजरीला शिव्या घातल्या.

जखम भरेना. हळद झाली, मलम झालं, गावातल्या डॉक्टरचं इंजेक्शन झालं. अंगठ्याचं टोक काळं पडलं तेव्हा तिला वाशिमला नेलं. तिथल्या सर्जननं पाय उलटा-सुलटा पाहिला, घोट्याशी नाडी चाचपली आणि मला म्हणाला, "पुढं रक्त पोचतंय असं वाटत नाही. पंजा काढावा लागेल. अर्धा."

मला म्हणाला, पण ऐकलं आक्कानं.

"अर्ध्या पंजावर मी वावरात उभी कशी राहू?" तिनं विचारलं.

"आजी, पंजा ठेवला आणि विष वर चढलं तर गुडघ्यातून जाईल."

"मी आजी नाई. साठी नुकतीच झाली माही," आक्का म्हणाली आणि साडी पायावर ओढून बसली.

सर्जन माणूस बरा होता. त्यानंच सांगितलं की शेलूबाजारला एक पथक येतं. साखरेच्या रोग्यांच्या पायात रक्त कसं फिरतं यावर त्यांचं संशोधन चाललंय. सुई नाही, कापणं नाही, हातही लावत नाहीत. वरून उजेड टाकून पायाचा फोटो काढतात. "काढून आणा," तो म्हणाला. "किती ठेवता येईल ते मलाही पाहू द्या. पण जास्त दिवस लावू नका."

एवढ्यावर आक्का उठली. हात न लावता पाय पाहणारे लोक तिला एकदम पसंत पडले.

शेलूबाजार आमच्याहून लांब नाही. हायवेला उभं राहिलं की जीप मिळते. जीपमध्ये जागा मिळत नाही, पण जीप मिळते. आक्काला पुढं ड्रायव्हरजवळ बसवलं, मी आणि सून मागं लोंबकळलो. पथक उतरलं होतं मंगल कार्यालयात. त्यांच्या यंत्राला खोलीतली हवा एकसारखी लागते, फार गरम नाही, फार थंड नाही. आणि त्या भागात एसी असलेली रिकामी खोली म्हणजे नवरीची खोली. दारावर 'वधूपक्ष' लिहिलेलं. आत मोठा आरसा, आरशाभोवती बल्ब, आणि मधोमध लोखंडी खाट.

आक्का दारातच थांबली. "इतक्या वर्षानं पुन्हा नवरीच्या खोलीत आणली मले," ती म्हणाली. सून तोंडाला पदर लावून हसली. या दोघींचं दिवसभर घरात जुंपलेलं असतं, चुलीपासून टीव्हीपर्यंत कशावरूनही. पण बाहेरगावी गेल्या की एकमेकींना धरून चालतात.

पथकातली जी मुलगी यंत्र चालवायची ती डॉक्टरच होती, पण वयानं माझ्या पुतणीएवढी. बोलणं शहराकडचं, शुद्ध. तिनं आक्काला मावशी म्हटलं, त्यामुळे काम सोपं झालं. तिनं समजावून सांगितलं. पायावर लेझरचा उजेड पडतो. कातडीखाली रक्त हलत असतं, त्यामुळे त्या उजेडाचे बारीक ठिपके चुळबुळ करतात. जिथं रक्त जोरात तिथं चुळबुळ जास्त. कॅमेरा ती टिपतो आणि कॉम्प्युटर तिला रंग देतो. भरपूर रक्त तिथं लाल, कमी तिथं पिवळं-हिरवं, नाहीच तिथं निळं.

"म्हंजे शेताच्या नकाशावानी," आक्का म्हणाली. "पाणी पोचलेलं आन् न पोचलेलं."

"अगदी तसंच," मुलगी म्हणाली. "पण मावशी, हे संशोधन आहे. यावरून आम्ही औषध सांगत नाही. फोटो तुमच्या सर्जनला दाखवा."

मग तिनं विचारलं. सकाळपासून चहा घेतला का? नाही. तंबाखू? नाही. पायाला तेल, मलम काही लावलं का? नाही. सगळं खरं होतं. सकाळपासून चहा नाही म्हणून सून आणि मी मेल्यासारखे झालो होतो, खरं तर आमच्या चहाला कुणाची हरकत नव्हती. आता वीस मिनिटं पडून राहायचं, मुलगी म्हणाली, बोलायचं नाही, हलायचं नाही, रक्त आपल्या ठिकाणी स्थिरावू द्यायचं. ती पडद्याआड दुसऱ्या खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे गेली.

मधल्या वेळात मी तिला माझेही पाय देऊ केले. त्यांना चांगल्या माणसांचे पायही लागतात, तुलना करायला. मी मोठ्या तोऱ्यात चपला काढल्या. पण आधी बोटातून रक्त काढून साखर पाहिली तर ती जरा वरच निघाली, म्हणून मला निरोग्यांत घेता येईना, आणि रोग्यांत घेण्याएवढीही ती नव्हती. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझी फाइल नेमकी अशीच राहिली आहे. मी चपला घालून आक्काच्या खाटेशी येऊन बसलो.

एसीच्या वाऱ्यानं आक्का कुडकुडत होती. सुनेनं आपली शाल तिच्या पायावर टाकली आणि शालीखाली हात घालून पाय चेपायला लागली. जखम सोडून, टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत, आणि वर पोटरीपर्यंत. कुणी तिला सांगितलं नव्हतं. आमच्याकडे मोठं माणूस आडवं झालं आणि घरची सून, लेक पायथ्याशी बसली की तिचे हात रिकामे राहत नाहीत. गप्पा चाललेल्या असतात, भांडण चाललेलं असतं, हात आपले पाय चेपत असतात. मी ते पाहिलं, पाहिलं असं म्हणणंही जास्तच होईल. पंखा फिरताना आपण जेवढा पाहतो तेवढं पाहिलं. आक्काचा डोळा लागला.

वीस मिनिटांनी मुलगी आली, शाल काढली, पायाच्या वर यंत्राचा डबा आणून धरला. डब्यातून तांबूस उजेड पडला. खोलीत कुणी हललं नाही. मग कॉम्प्युटरवर पाय उमटला.

अंगठ्याचं काळं टोक तेवढं निळं. बाकी सगळा पंजा पिवळ्या-नारिंगी रंगानं भरलेला, आणि मध्ये तर कुंकवासारखा लाल.

मुलगी म्हणाली, "चांगलं रक्त दिसतंय. अपेक्षेपेक्षा बरंच चांगलं." ती पुन्हा कॉम्प्युटरच्या पडद्याकडे वाकून पाहत राहिली. तेव्हा मला वाटलं ती खूश झाली आहे. तिच्या कपाळावरची आठी मला नंतर आठवली.

त्या फोटोचा फोटो मी मोबाइलवर घेतला, आणि पुढं काय झालं असेल ते मला ओळखणाऱ्या कुणालाही सांगता येईल. जीपमध्ये मी तो ड्रायव्हरला दाखवला. गावात पारावर दाखवला, विहारात दाखवला, ऑफिसात साहेबांना दाखवला. सर्जनचा पंजा काढायचा बेत आणि आक्काचा तांबडालाल पाय, असा सामनाच मी उभा केला. दर खेपेला पाय जरा जास्त लाल होत गेला. आक्का ओट्यावर बसून ऐकायची. "सांग भाऊ, त्या पोट्ट्याईले सांग," म्हणायची. ती रोज आरशात पाहावं तसं मोबाइलमध्ये पाय पाहायची.

सर्जननंही तो पाहिला. बराच वेळ पाहिला. "एवढं रक्त असेल तर थांबायला हरकत नाही," तो म्हणाला. "पण पंधरा दिवसांनी पुन्हा काढा. आणि ताप आला, वास आला, तर त्याच दिवशी या."

ताप आला नाही. वास आहे की नाही यावर घरात दोन पक्ष झाले. आक्का म्हणायची मलमाचा आहे. सून काही न बोलता खिडकी उघडायची.

पंधरा दिवसांनी पुन्हा शेलूबाजार. या वेळी सून बरोबर नव्हती. तिच्या चुलत बहिणीचं लग्न होतं शिरपूरला, नातवाला घेऊन ती तिकडं गेली होती. मी आणि आक्का दोघंच. तीच खोली, तोच आरसा. चहा नाही, तंबाखू नाही, तेल नाही. पुन्हा वीस मिनिटं.

मी खुर्चीत बसलो. आक्कानं शाल मागितली, मी दिली. मग मी मोबाइल काढला, दोन मेसेज वाचले आणि मान टाकून घोरलो. आदल्या दिवशी आमसभेचे कागद जुळवत बसलो होतो, अंग आंबलं होतं. एवढं मी समर्थन देतो, बाकी मी रिकामा असतो तरी झोपलोच असतो.

जागा झालो तेव्हा मुलगी कॉम्प्युटरसमोर उभी होती. पडद्यावर पाय होता, पण तो दुसऱ्याच कुणाचा असावा असं वाटलं. अंगठा अख्खा निळा. शेजारचं बोट निळं. त्यामागची गादी हिरवट. लाल कुठंच नाही, घोट्याकडे थोडंसं नारिंगी.

"मावशी, पाय गार पडला होता का? पायी चालून आलात?"

"जीपनं आलो."

"तंबाखू?"

"नाई म्हनलं ना बाई तुले."

मुलीनं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. मग ती स्टूल ओढून आक्काजवळ बसली आणि म्हणाली, "मागच्या वेळी आणि आजच्यात काय वेगळं होतं? काहीही सांगा. साधंसुद्धा."

आम्ही आठवू लागलो. मी म्हणालो, त्या दिवशी जीप दुसरी होती. आक्का म्हणाली, त्या दिवशी लुगडं हिरवं होतं. मुलगी सगळं ऐकून घेत होती.

"आन् सून होती," आक्का म्हणाली.

"सून काय करत होती?"

"काय करन? बसली होती. पाय चेपून राह्यली होती."

"वीस मिनिटं?"

"मंग? आडवं झाल्यावर कायले बसते ती जवळ?"

"मी सांगितलं होतं ना, हलायचं नाही."

"मी कुठं हालली?" आक्का म्हणाली. "ती हालत होती."

मुलीनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मला वाटलं रडते की काय. ती हसत होती, पण ते हसू नव्हतं. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी पडद्याआड होते. चहा विचारला, तंबाखू विचारली, हे विचारायचं मला सुचलंच नाही." शालीच्या उबेनं आणि चेपण्यानं रक्त तेवढ्यापुरतं वर आलेलं असतं, तिनं सांगितलं. फोटो खोटा नाही. त्या घडीचा आहे. पाय एरवी तसा नसतो.

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो लाजिरवाणा आहे: शेवटी माझ्या झोपेनं शास्त्राला मदत केली. हे घरी कसं सांगायचं ते मी जुळवायलाही लागलो होतो. मग आक्काच्या तोंडाकडे पाहिलं.

"मले पटत नाई," ती म्हणाली. "त्या दिवशीचा खरा कशावरून नसन? आजचाच काहून खरा?"

प्रश्न बरोबर होता. मुलगी माझ्याकडे वळली. "मामा, तुम्ही पाय चेपा त्यांचे. सून चेपते तसे. जखमेपासून लांब. मग आपण तिघंही पाहू."

मी आयुष्यात आक्काचे पाय चेपले नव्हते. लहानपणी ताप आला की ती माझे चेपायची. मी खाटेच्या पायथ्याशी बसलो. टाच दगडासारखी, भेगांत काळी माती, ती आता निघणारी नव्हती. पाय हलका होता. मला वाटलं होतं त्याहून फारच हलका.

"जोर लाव की," आक्का म्हणाली. "फाइल दाबून राह्यला का?"

दहा मिनिटांत माझे अंगठे दुखायला लागले. सुनेचे कधी दुखत असतील का, हे कुणी तिला विचारलेलं मला आठवेना. मुलीनं हात काढायला सांगितला, डबा वर आणला, आणि या वेळी कॉम्प्युटर आक्काकडे वळवला.

पाय लाल होता. मागच्या वेळेइतका नाही, मी सुनेइतका चांगला नाही, पण लाल होता. निळं अंगठ्यापुरतं सरकलं होतं, शेजारचं बोट पिवळं झालं होतं.

"हं," आक्का म्हणाली.

"आता काही करायचं नाही," मुलगी म्हणाली. "फक्त पाहायचं."

आम्ही पाहत बसलो. आधी काहीच झालं नाही. मग कडेकडेनं लाल ओसरायला लागलं. नारिंगी झालं, पिवळं झालं. दुसऱ्या बोटाचा पिवळा हिरवा झाला आणि टोकाकडून निळा आत शिरला, अगदी सावकाश, कुणालाही घाई नसल्यासारखा. खोलीत एसीचा आवाज होता. बाहेर कुणीतरी मांडवाच्या खुर्च्या एकात एक रचत होतं. मी कितीतरी दवाखान्यांत कितीतरी वाईट बातम्या ऐकल्या आहेत, त्या नेहमी कुणीतरी बोलून सांगतात, आणि बोलणाऱ्याशी वाद घालता येतो. इथं कुणी बोलत नव्हतं. आक्काचा पाय तिच्या डोळ्यांदेखत निळा होत होता आणि ती पाणी ओसरणाऱ्या वाफ्याकडे पाहावं तशी पाहत होती.

निळं दुसऱ्या बोटाच्या मुळाशी येऊन थांबलं. मागची गादी हिरवीच राहिली, थोडी पिवळी.

आक्कानं बोट पुढं करून पडद्यावर त्या जागी टेकवलं. "हे इथून मांगं पाणी हाये?"

"आहे," मुलगी म्हणाली. "थोडं आहे, पण आहे. आज आहे."

"आन् पंधरा दिवसानं?"

"ते मला सांगता येणार नाही, मावशी. मी सांगायलाही नको. सर्जनना हे दोन्ही फोटो मी स्वतः पाठवते, आणि मागचा कसा काढला गेला तेही लिहिते. मागचा आमच्या अभ्यासातूनही काढून टाकावा लागेल."

"तोच चांगला होता," आक्का म्हणाली. मग, "ठीक हाये. काढ."

मुलीनं तिथूनच सर्जनला फोन लावला. बोलणं अर्धं इंग्रजीत झालं. अर्ध्या पंजाचा हट्ट त्यानं सोडला. दोन बोटं लगेच काढली तर मागचं वाचण्याची आशा आहे, म्हणाला. उशीर केला तर त्याच्या हातात नाही. सोमवारी भरती करा.

जीपसाठी आम्ही हायवेला उभे राहिलो. आक्काला दुकानाच्या पायरीवर बसवलं. ट्रक जात होते, धूळ उडत होती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "घरी तू नको सांगू."

"मंग कोण सांगन?"

"मी सांगतो." आमच्याकडच्या बाया असंच म्हणतात. "तू सांगतलं का त्याची गोष्ट होते. पोट्टे हासतात. मंग सुनेले वाटन, तिच्या हातानं झालं."

मला खरंच तसंच सांगायचं होतं: सुनेचे हात, माझी झोप, मुलीची आठी. सगळं जुळून आलं होतं.

घरी पोचलो तेव्हा सून शिरपूरहून परतली होती. अंगावर लग्नाची साडी तशीच होती, चूल पेटवत होती. माझी बायको, नातू, शेजारची दोघं-तिघं ओट्यावर येऊन बसली आणि सवयीनं माझ्याकडे पाहायला लागली. आक्का खाटेवर टेकली.

"दोन बोटं काढाची हायेत," ती म्हणाली. "सोमवारी. बाकी पाय राह्यला तर राह्यला. तुरीची सोंगनी तुमी पाहा."

सुनेनं चुलीपुढून मान वळवली. "पन त्या फोटोत तं लाल होतं ना आत्याबाई?"

"त्या दिवशी होतं," आक्का म्हणाली. "रोज राह्यत नाई ते."

शेजारचे उठून गेले. सून भाकरी थापायला लागली, आणि मधेच थांबून तिनं डोळे पुसले. धुरामुळे की कशामुळे ते मी पाहायला गेलो नाही.

सोमवारी दोन बोटं गेली. त्यानंतर एक दिवसाआड पट्टी बदलायला वाशिम, आणि मी बरोबर. रजा संपल्या, मग बिनपगारी घेतल्या. जखम हट्टी होती. एकदा कडेला पुन्हा काळं दिसलं तेव्हा सर्जननं थोडं आणखी खरवडलं आणि आक्का भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तूर सोंगून झाली, हरभरा फुलावर आला, तरी पट्टी चालूच होती. घरी कुणी मला काही विचारत नव्हतं. आलो की जेवायचो आणि झोपायचो.

एका सकाळी सर्जननं पट्टी सोडली, कापसानं पुसलं आणि बराच वेळ वाकून राहिला. जखमेच्या तळाशी डाळिंबाच्या दाण्यासारखं बारीक लाल मांस भरायला लागलं होतं. त्यानं चिमट्याच्या टोकानं हलकेच स्पर्श केला, रक्ताचा एक थेंब आला.

"आलं," तो म्हणाला.

आक्कानं मान उचलून पाहिलं. "हे कोनी चेपलं नाई," ती मला म्हणाली. "तू गवाह हाये."

मग तिनं डोकं उशीवर टाकलं आणि नर्स नवी पट्टी बांधेपर्यंत ती झोपून गेली होती. परतीच्या जीपला अजून वेळ होता. मी तिच्या चपला पिशवीतून काढून खाटेखाली ठेवल्या, दोन्ही, आणि बाकावर जाऊन बसलो.